तुझी ती रडकी गिटार

दाम्या,

पत्रात आधी प्रिय लिहायचं असतं म्हणे. मी नाही लिहीत. जिवंतपणी तुला कधी प्रिय म्हटलं नाही, आता मेल्यावर कुठून आणू?

आज मनीषाची हळद आहे. तुझ्या लेकीची. अंगणात मांडव उभा राहिलाय, उंबराची फांदी बांधून झाली, बायका वाटणाला बसल्यात आणि मी माळ्यावर येऊन लपले आहे. लग्नपत्रिका उरल्या, त्यांच्या कोऱ्या पाठीवर लिहिते. पुढच्या बाजूला तुझं नाव छापलंय, आधी कै. लावून.

आपल्यात भटजी नंतर. आधी धवलारीण धवला गाते, देवांना मांडवात बोलवते, मग हळद लागते. तुला हे ठाऊक आहे, पण तू नेहमी विसरायचास म्हणून परत लिहिलं. देवांच्या मागून घरातल्या गेलेल्या माणसांना बोलवायचं, एकेकाचं नाव घेऊन. आजा, आजी, बाबा, आई. आज त्यांच्या मागे पहिल्यांदाच तुझं नाव येणार. आणि घेणारी मी. धवल्यात नाव घेता येतं, भांडता येत नाही. मला तुझ्याशी भांडायचंय, म्हणून हे पत्र. चौथी शिकलेल्या बाईचं आहे, सांभाळून वाच.

मला तुझी गिटार ऐकायची आहे. लिहिलं एकदाचं.

हुरळून जाऊ नकोस. ती मला आवडत नव्हती आणि आजही आवडत नाही. माणूस गेला की त्याचं सगळं गोड होतं. परवा पापड लाटताना बायका म्हणत होत्या, "किती गोड वाजवायचा ना गो दामू." मी लाटणं खाली ठेवलं. म्हटलं, "खोटा बोलू नका. तुमीच कानात बोटा घालून बसायच्या." तशा परत पापडांना लागल्या.

तू गोड वाजवत नव्हतास. बाकीची माणसं गिटार छातीशी धरून उभ्यानं वाजवतात. तू ती मांडीवर आडवी टाकायचास, तान्ह्या पोराला तेल लावायला घेतात तशी, आणि लोखंडाची कांडी तारेवर घासायचास. सूर कधी सरळ आलाच नाही. खालून घसरत घसरत वर यायचा, जागेवर पोचला की थरथरत बसायचा आणि निघताना परत घसरायचा. प्यायलेला माणूस भिंत धरून घरी येतो, तसा. आनंदाचं गाणं घेतलंस तरी हळदीला आलोय की मयताला, तेच कळायचं नाही.

आणि माझा सूर? उखळात मुसळ पडतं तसा. जिथं पडायचा तिथंच. एका आईची पोरं आपण, आणि हे असं कसं?

ती गिटार आली कुठून, तेही मी विसरलेले नाही. जमीन सरकारनं घेतली. पैसे आले तेव्हा गावात कोणी मोटारसायकल आणली, कोणी घराला स्लॅब टाकला. तू मुंबईला गेलास आणि एक काळी पेटी घेऊन आलास. बरोबर आवाज मोठा करायचं ते मशीन आणि भोंगा. आईनं विचारलं, "ह्या काय हाय?" तू म्हणालास, "आये, गिटार हाय. विजेवर चालते." आईनं पेटी पदरानं पुसली. मग म्हणाली, "तुज्या बापाचा शेत हाय त्या. नीट ठेव." तू हसलास. मी नाही हसले. भाताच्या शेताचं तुणतुणं झालं, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि तू मेलास म्हणून जाणारही नाही.

आज त्या शेतावर खांदा कॉलनीच्या बिल्डिंगी आहेत. मी तिथं दारोदार सुकट-बोंबील विकते. तिसरा मजला चढताना दम लागतो, तेव्हा वाटतं, आपल्या शेतात एवढ्या वर कधी कोणी गेलं नव्हतं.

ओवे गावातली ती हळद आठवते? मी देवांना बोलवायला सुरुवात केली आणि तुझ्या बेंजो पार्टीनं शेजारी मशीन चालू केलं. मी म्हटलं, "दाम्या, बंद कर, देव यायचे हायत." तू काय म्हणालास? "बाय, देव बी आयकतील ना. तेंना काय कान नायत?" सगळा मांडव हसला. मी उठले आणि वायर ओढली. मांडवातला बल्ब नेमका त्याच वायरीवर. अंधार झाला, हळदीचं ताट कोणाच्या तरी पायाखाली गेलं, नवरीची आत्या किंचाळली, आणि त्या काळोखात सगळ्यांत मोठं हसणं तुझं.

त्या दिवसापासून आपलं ठरलं. मी गाईन तिथं माझं संपेपर्यंत तुझं मशीन बंद. तू पाळलंस ते. मांडीवर गिटार घेऊन माझ्या तोंडाकडे बघत बसायचास. त्याचं मला काही वाईट वाटत नाही. देवांना बोलवताना शांतता लागतेच.

मग पावसाच्या आधी तू गेलास. तळोज्याच्या कारखान्यातून पाळी संपवून आलास, चहा मागितलास, छातीला हात लावलास. तुझी बायको सुनंदा रिक्षा आणायला धावली. रिक्षा आली, तू नव्हतास. आजार नाही, अंथरूण नाही, कोणाला दोन शब्द बोलायची सवड नाही. घाई कसली होती रे तुला? एरवी तर कुठल्या मांडवात वेळेवर पोचला नाहीस.

दहावं-तेरावं झालं. रडले मी, नाही म्हणत नाही. पण टोपली डोक्यावर घेतली आणि कामाला लागले. दिवाळीनंतर हळदीची बोलावणी यायला लागली. एका मांडवात धवला संपवून मी खाली बसले आणि सवयीनं तोंड वाकडं केलं, आता हा सुरू होणार म्हणून. तुझ्या पार्टीनं तुझ्या जागी कॅसिओ घेतलाय. एक बटण दाबलं की ढोलकी, दुसरं दाबलं की बासरी. ते सुरू झालं. माझं तोंड वाकडंच राहिलं, आणि त्याला काही कामच उरलं नव्हतं.

तिथून हे लागलं माझ्या मागे. बोंबील देताना, भात कांडताना, कुठंही. पोटुशी होते तेव्हा मला चुलीतली राख खावीशी वाटायची. राख कोणाला आवडते? पण जीव मागायचा. आई म्हणायची, "डोहाले हायत ते. आवडीचा न त्यांचा काय संबंध नाय." तसंच हे. पन्नाशीला टेकलेल्या बाईला डोहाळे लागले, आणि तेही तुझ्या रडक्या गिटारीचे. तुझ्या दाजींना सांगितलं. ते म्हणाले, "काशे, उन्हान फिरू नको, डोक्यान गेलाय."

पनवेलच्या बाजारात कॅसेटच्या दुकानात गेले. टोपली बाहेर ठेवली तरी वास आत गेलाच, दुकानदारानं पंखा लावला. म्हटलं, "गिटारीची कॅसेट द्या. घसरणारी." त्याला बरोबर कळलं, काढून दिली. घरी लावली. स्वच्छ. घासून पालथ्या घातलेल्या भांड्यांसारखी. सूर घसरत होता, पण शहाण्या माणसासारखा, कठडा धरून. तुझ्यात मागून मशीनची गुणगुण असायची. वीज कमी झाली की सूरही बसायचा. एक तार कायम उतरलेली, ती तू कधी चढवली नाहीस. ती कॅसेट मी अर्धी ऐकली आणि शेजारच्या सुनेला देऊन टाकली.

आणि मग मनीषाचं लग्न ठरलं. वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, ही रीत. मुलगा ओव्याचा, चांगला आहे, कोण थांबवणार? नामाकाकांनी भाऊकी बसवली. बाबांच्या मागे घराण्यात मोठे तेच, त्यांचा शब्द शेवटचा. म्हणाले, "लगीन होव दे, पन वाजंत्री नाय. घरान दुखवटा हाय. धवला तेवढा, बस."

मी म्हटलं, "गिटार वाजंल."

"कनची गिटार?"

"दाम्याची."

"वाजवनारा गेला ना गो."

"वाजवनारा मी आनीन."

काकांनी चष्मा काढला. "तुला तं ती आवडत नव्हती."

"आजून नाय आवडत."

"मंग?"

"मंग काय? हवी हाय."

हे त्यांच्या डोक्यात शिरलं नाही. खरं सांगू? माझ्याही शिरलं नव्हतं. पण तोंडातून गेलं ते गेलं. मी सांगून टाकलं, "गिटार नसंल तं धवला पन नाय. बघा मंग, हलद कशी लागते ती."

त्यांनी काय केलं माहितेय? ओव्याच्या धवलारणीला, हिराबायला, निरोप धाडला, तू ये म्हणून. तिचं नि माझं पटत नाही, ते अख्ख्या तालुक्याला ठाऊक. हिराबायनं निरोप्याला दारातून परत पाठवलं. "काशीचा घर, काशीचा मांडव. ती जिती हाय तवर मी तिथं त्वांड उघडनार नाय." आम्हा धवलारणींत तसंच असतं. दुसरीच्या घरात शिरायचं नाही, मग ती कितीही वाईट गावो. हे शेवटचं ती म्हणालीच असणार, मला कोणी सांगितलं नाही एवढंच.

मग काका नमले. "एकच गाना. न भोंगा रस्त्याकडं नको."

सुनंदानं पेटी कपाटावरून उतरवली. तिनं ती आपल्या लग्नातल्या लुगड्यात गुंडाळून ठेवली होती. माझ्यापुढे ठेवली आणि चुलीकडे गेली.

मला वाटलं, जिंकले. पण मनीषा.

ती दारात उभी राहून म्हणाली, "आत्या, मला नकोय ती गिटार." कॉलेजात जाऊन आलेली पोरगी, आपल्यासारखं बोलत नाही. "मला ती कधीच आवडली नाही. शाळेच्या गॅदरिंगला बाबा वाजवायला आले होते, तेव्हापासून मुली मला घसरगुंडी म्हणायच्या. दहावीपर्यंत."

"मलाबी नाय आवडत," मी म्हटलं.

"मग कशाला हट्ट करतेस?"

उत्तराची वाट न बघता ती म्हणाली, "ती वाजली तर मी रडेन. समोर सासरची माणसं असतील. मला त्यांच्यासमोर रडायचं नाही."

काकांना धमकी देता येते. नवरीला कशी देणार? हळद तिची, बाप तिचा. माझा तू भाऊ होतास, तिचा बाप. मापात तिचंच पारडं जड. मी म्हटलं, "उद्या सकालला वाजवनारा येल. एकदा आयक. नको वाटली तं मी सोता पेटी वर ठेवीन, न धवला बी गाईन. शब्द देते." बोलले आणि जीभ चावली. दाम्या, रात्रभर मला झोप नाही. पोरगी नको म्हणाली असती तर माझ्याच शब्दानं माझं तोंड बंद झालं असतं.

वाजवणारा म्हणजे सतीशभाऊ. कॉलनीतलं माझं गिऱ्हाईक, बँकेत नोकरीला, रविवारी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतात. आपल्याच शेतावर राहतात, त्यांना माहीत नाही. मी त्यांना चांगले निवडून बोंबील दिले आणि म्हटलं, या. आज सकाळी आले बिचारे. अंगणात खुर्ची टाकून दिली. मांडीवर तुझी गिटार घेतली, एकेक तार पिरगाळून नीट लावायला लागले.

मी म्हटलं, "ती शेवटची उतरवा परत."

"मावशी, बेसूर होईल."

"होऊ द्या."

त्यांनी वाजवलं. चांगलं वाजवलं, मी खोटं बोलणार नाही. वाटणाच्या बायका माना डोलवायला लागल्या. मला उठून जावंसं वाटलं. म्हटलं, "असं नाही. खालून या."

"किती खालून?"

"लय खालून. लाज सोडून."

त्यांनी घसरवलं. मी मान हलवली. परत घसरवलं. शेवटी त्यांनी कांडी खाली ठेवली. "मावशी, मी इतकं वाईट कधी वाजवलेलं नाही, मला अंदाज येईना. तुम्हीच तोंडानं करून दाखवा."

आणि मी करून दाखवलं. डोळे मिटले आणि तुझ्यासारखा आवाज काढला, नाकातून, खालून, घसरत, थरथरत. पाटा-वरवंटा थांबला. काका ओटीवरून बघत राहिले. ज्या तोंडानं देवांना बोलवायचं त्या तोंडानं मी अंगणात विव्हळत होते, आणि ते नेमकं येत होतं, दाम्या. कुठं घसरायचं, कुठं अडखळायचं, कुठं ती उतरलेली तार कच खायची, सगळं पाठ. हे मी शिकले कधी?

मग माझं मलाच कळलं. ज्याला आवडतं तो नुसता मान डोलवतो आणि घरी जातो. ज्याला आवडत नाही त्याला एकेक खोट पाठ असते. पुढची खोट कधी येते याची वाट बघत मी जन्मभर तुझ्याकडे कान लावून बसले होते. तुझ्या पार्टीतल्या एकानंही तुला एवढं ऐकलं नसेल.

"तसं नाही, आत्या."

मागे मनीषा. दोन्ही हातांना ओली मेंदी. म्हणाली, "त्या घसरायच्या जागेच्या आधी बाबा थांबायचे. हाताला घाम यायचा त्यांच्या. कांडी उचलून शर्टाला पुसायचे, मग घ्यायचे. आणि पुसताना ती उतरलेली तार तशीच वाजत राहायची."

सतीशभाऊंनी तिच्याकडे बघितलं. वाजवायला लागले, त्या जागेला आले, थांबले. कांडी उचलली, शर्टाला पुसली. ती एक तार गुणगुणत राहिली. मग त्यांनी घेतलं.

आला रे तो सूर. तस्साच. घाणेरडा.

मनीषा हात पुढे धरून उभी, मेंदी ओली, डोळे पुसता येईनात. सुनंदा चुलीपासून आली आणि पदरानं तिचे डोळे पुसले, मग त्याच पदरानं स्वतःचे. मी विचारलं, "काय करू? ठेवू पेटी वर?"

मनीषा म्हणाली, "किती वाईट वाजतं ते." नाक ओढलं. "संध्याकाळी जरा जोरात लावा."

बस. तुझ्या लेकीनं निकाल दिला.

आता एक विचारते. मी गाताना तू मशीन बंद करून माझ्या तोंडाकडे बघत बसायचास, तेव्हा तुला माझा धवला आवडायचा का? तू कधी बोलला नाहीस, मीही विचारलं नाही. आता मला वाटतं, तुलाही माझं ते सरळसोट गाणं सोसत नसणार. खांबासारखं गातेस, असं मनात म्हणत असशील. म्हणजे माझीही एकेक खोट तुला पाठ असेल. असू दे. मला चालेल.

खालून हाका मारतायत, जायला हवं. जाण्याआधी शब्द देते, आणि माझा शब्द कसा असतो ते आज अख्ख्या भाऊकीनं बघितलंय. काकांनी भोंगा रस्त्याकडे नको म्हटलं होतं, मी तो रस्त्याकडेच बांधून घेतलाय. एक गाणं म्हणाले, दोन होतील. कोणी बंद करायला आलं तर माझ्या अंगावरून जावं लागेल. मनीषा रडली तर रडू देईन, सासरच्यांना काय बघायचं ते बघू दे. ती पेटी विकली जाणार नाही. सुनंदा विकणार नाही आणि मी विकू देणार नाही. ते बाबांचं शेत आहे.

आज पहिल्यांदाच आधी तुझं, मग माझं. दुसरं गाणं संपलं की मी उभी राहीन. देवांना बोलवीन. आजाला, आजीला, बाबांना, आईला. मग तुला. सकाळपासून गळ्यात तुझं ते घसरणं बसलंय, निघता निघत नाही. पण तुझं नाव मी घसरू देणार नाही. सरळ घेणार, माझ्या रीतीनं, जिथं पडायचं तिथंच. तुला आवडलं नाही तरी बसून ऐकावं लागेल.

तुझी बाय,
काशी